संमतीची सही आणि संशोधकाचे उत्तरदायित्व : पश्चिम विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांवरील संशोधनाची नैतिक चिकित्सा

प्रस्तावना

पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा गेल्या पाव शतकात महाराष्ट्रातील सामाजिक संशोधनाचा एक प्रमुख विषय ठरला आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, गृहअर्थशास्त्र, समाजकार्य आणि वैद्यक अशा अनेक विद्याशाखांतील अभ्यासकांनी या प्रश्नाचा आपापल्या दृष्टीने वेध घेतला आहे. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका हा याच प्रदेशाचा एक भाग होय. नागपूर-अमरावती महामार्गावरील तिवसा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम असलेली मोझरी आणि वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर ही या तालुक्याची ओळख असली, तरी कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या भरवशावर जगणारी इथली गावे वऱ्हाडातील कृषिसंकटापासून वेगळी राहिलेली नाहीत. अशा गावांतील घरांत सरकारी अधिकारी, पत्रकार, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि प्रश्नावली घेतलेले संशोधक एकामागून एक येतात आणि थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतात.

या संशोधनात आत्महत्यांच्या कारणांची चर्चा विपुल आहे. परंतु ती कारणे विचारण्याच्या कृतीची चर्चा विरळ आहे. पती गमावलेल्या स्त्रीच्या ओसरीवर बसून कर्ज, व्यसन, घरातील भांडणे आणि मृत्यूच्या आदल्या दिवसाचा तपशील विचारणे, ही केवळ तथ्यसंकलनाची तांत्रिक प्रक्रिया आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मानवी सहभाग असलेल्या संशोधनातील नैतिकता ही आपल्याकडे मुख्यत्वे संमतीपत्रावरील सहीशी जोडली जाते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत मात्र ही सही नैतिक जबाबदारीची पूर्तता करू शकत नाही. किंबहुना संशोधकाची खरी जबाबदारी सहीच्या अगोदर सुरू होते आणि सहीनंतर वाढते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

नैतिक संहितांची वाटचाल

मानवी सहभागाच्या संशोधनाविषयीचे आधुनिक नियम वैद्यकातील अत्याचारांतून जन्मास आले. नाझी छळछावण्यांतील प्रयोगांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता तयार झाली आणि स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचे पहिले तत्त्व ठरले. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा स्वीकारला. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारापासून वंचित ठेवून उपदंशाचा अभ्यास करण्यात आला होता. त्याचा बोभाटा झाल्यानंतर स्थापन झालेल्या आयोगाने १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल प्रसिद्ध केला आणि व्यक्तीविषयी आदर, हितसाधन व न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरणनिवेदन केले, २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००६ व २०१७ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. यातील एक बदल लक्षणीय आहे. २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ज्या व्यक्तींना 'सब्जेक्ट' म्हटले होते, त्यांना २००६ च्या शीर्षकात 'पार्टिसिपंट' म्हणजे सहभागी म्हटले गेले. अभ्यासाचा विषय असलेली व्यक्ती अभ्यासातील भागीदार झाली, असा या शब्दबदलाचा आशय आहे. सामाजिक संशोधनाच्या क्षेत्रात मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्येच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली होती.

असे असले तरी या संपूर्ण परंपरेवर तिच्या वैद्यकीय उगमाची छाप आहे. औषधाने, सुईने वा शस्त्रक्रियेने होणारी इजा तिला सहज दिसते. प्रश्नाने होणारी इजा तितक्या सहजतेने दिसत नाही. त्यामुळे 'आम्ही तर केवळ प्रश्न विचारतो' हा युक्तिवाद सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना पुरेसा वाटत आला आहे. वऱ्हाडातील अनुभवाच्या संदर्भात हा युक्तिवाद तपासून पाहणे आवश्यक ठरते.

शासकीय चौकशी आणि संशोधकीय चौकशी

शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासाला २००५-०६ या काळात विशेष गती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयापुढील प्रकरणाच्या संदर्भात टाटा समाजविज्ञान संस्थेने मार्च २००५ मध्ये आपला अहवाल सादर केला. जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या वतीने श्रीजित मिश्रा यांनी राज्य शासनाला अहवाल दिला. त्यासाठी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांची तुलना आत्महत्या न झालेल्या १०६ कुटुंबांशी करण्यात आली होती. त्याच वर्षी यशदाच्या वतीने मीता राजीवलोचन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुलै २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. या अभ्यासांनी प्रश्नाचे गांभीर्य शासनापुढे व समाजापुढे मांडले, हे त्यांचे योगदान निर्विवाद आहे.

याच काळात शासनाच्या मदतीची चौकटही पक्की झाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास १ लाख रुपये, त्यांपैकी ३० हजार रोख व ७० हजार ठेवीच्या स्वरूपात देण्याचे ठरले. मात्र त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरणे आवश्यक होते. मृत व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या नावे शेती असणे, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असणे आणि आत्महत्येचे कारण नापिकी व कर्जफेडीचा तगादा हेच असणे, अशा निकषांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. व्यसन, आजारपण वा कौटुंबिक कलह हे कारण नोंदले गेल्यास प्रकरण 'अपात्र' ठरण्याची शक्यता वाढते. नातेवाइकांकडून वा परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलेले कर्ज निकषांत बसत नाही.

आता संशोधकाच्या प्रश्नावलीकडे पाहावे. मिश्रा यांच्या अहवालात आत्महत्येशी निगडित घटक म्हणून कर्जबाजारीपणा, आर्थिक स्थितीतील घसरण, कुटुंबातील कलह, पिकाची नासाडी, सामाजिक प्रतिष्ठेतील घसरण, मुलीच्या वा बहिणीच्या लग्नाचा भार, व्यसन आणि आजारपण यांचा विचार केलेला आहे. पुढील काळातील अनेक लघुशोधप्रबंधांच्या प्रश्नावल्या अशाच घटकांभोवती रचल्या जातात. शास्त्रीय दृष्ट्या ही सूची योग्य आहे. परंतु उत्तर देणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ती तलाठ्याने केलेल्या चौकशीचीच पुनरावृत्ती असते. एका चौकशीवर मदतीचा निर्णय अवलंबून असतो, दुसरीवर काहीच अवलंबून नसते. मात्र हा भेद तिला कोणी समजावून सांगितला नाही, तर तो तिच्यापुरता अस्तित्वातच येत नाही. संमतीच्या प्रश्नाचे मूळ या ठिकाणी आहे.

संमती : कोणाची आणि कशासाठी

माहितीपूर्वक संमतीचे तीन घटक सर्वमान्य आहेत : पुरेशी माहिती, तिचे आकलन आणि दबावरहित निर्णय. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत या तिन्ही घटकांना तडा जातो.

माहितीच्या बाबतीत संशोधनाचा हेतू सांगितला जातो; परंतु संशोधन काय देऊ शकत नाही, हे क्वचितच सांगितले जाते. प्रश्न विचारून झाल्यावर 'आमाले काही भेटन काय?' असा वऱ्हाडी बोलीतील साधा प्रश्न संशोधकासमोर येतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की, संमती ज्या समजुतीवर दिली गेली ती समजूतच चुकीची होती. वैद्यकीय संशोधनात सहभागी व्यक्ती प्रयोगालाच उपचार समजते, हा दोष सुपरिचित आहे. येथे सर्वेक्षणाला मदतयोजना समजले जाते. ही चूक उत्तर देणाऱ्या स्त्रीची नसून, हा गैरसमज अपेक्षित असतानाही तो आधी दूर न करणाऱ्या संशोधकाची आहे.

आकलनाच्या बाबतीत भाषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. 'सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून माझी कोणतीही तक्रार राहणार नाही' हे वाक्य प्रतिज्ञापत्राच्या भाषेतील आहे. सोसायटीचे कर्ज, सातबारा आणि वारसनोंद यांच्या कागदांवर ज्या स्त्रीने नुकत्याच सह्या वा अंगठे दिले आहेत, तिला हा आणखी एक कार्यालयीन कागद वाटणे स्वाभाविक आहे. अशा कागदाने सहभागी व्यक्तीपेक्षा संशोधकाचेच संरक्षण अधिक होते. बोलीत, सावकाश आणि प्रश्न विचारण्यास वाव देऊन केलेले निवेदन, आणि त्यानंतर दिलेली तोंडी संमती साक्षीदारासमक्ष नोंदवणे, हा मार्ग अशा ठिकाणी अधिक प्रामाणिक ठरतो.

दबावाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. गावात प्रवेश मिळवण्यासाठी संशोधक सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक वा आशा कार्यकर्तीची मदत घेतो. ही मदत व्यावहारिक दृष्ट्या अपरिहार्य असते; परंतु ज्यांच्या दाखल्यावाचून वा शब्दावाचून कुटुंबाचे काम अडते, त्यांनीच घरापर्यंत आणून सोडलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणे त्या कुटुंबाला शक्य नसते. त्याशिवाय मुलाखतीच्या वेळी सासरा, दीर वा शेजारी उपस्थित असतात. शेतजमिनीच्या वारसाहक्काचा वाद घरातच धुमसत असताना विधवा सुनेने सासऱ्यासमोर दिलेले उत्तर हे तिचे उत्तर मानता येईल काय, हा प्रश्न पद्धतिशास्त्राचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. ग्रामपंचायतीची परवानगी ही गावात येण्याची परवानगी असते; ती घरात शिरण्याची परवानगी होत नाही आणि मनात शिरण्याची तर नाहीच.

सत्य उत्तराची किंमत

प्रश्नाने इजा होत नाही, हा समज आत्महत्येच्या संशोधनात टिकत नाही. मृत व्यक्तीच्या अखेरच्या काळातील मनःस्थितीची तिच्या निकटवर्तीयांकडून पद्धतशीर माहिती घेण्याच्या तंत्राला मरणोत्तर मानसशास्त्रीय परीक्षण म्हणता येईल. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले. या तंत्रात प्रशिक्षित मुलाखतकार, मृत्यूनंतर पुरेसा काळ जाऊ देणे आणि मुलाखतीनंतर आधार देण्याची व्यवस्था या गोष्टी गृहीत आहेत. आपल्याकडे प्रश्न घेतले जातात. व्यवस्था मात्र मागे राहते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने दुपारी बारा ते पाच या वेळात चार घरांची 'अनुसूची भरणे' हे त्या तंत्राचे अनुकरण होऊ शकत नाही. समोरची व्यक्ती रडू लागली तर मुलाखत थांबवावी की पुढे न्यावी, तिच्याच मनात जीव देण्याचे विचार असल्याचे जाणवले तर कोणाला कळवावे, याची पूर्वतयारी नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार संशोधकाला नाही. २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ही माहिती मुलाखतीस निघालेल्या विद्यार्थ्याच्या वहीत असणे, ही किमान अपेक्षा ठरावी. त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनावर होणाऱ्या परिणामांचीही दखल मार्गदर्शकाने घेतली पाहिजे. वऱ्हाडातील महाविद्यालयांत असा विद्यार्थी अनेकदा शेतकरी कुटुंबातूनच आलेला असतो.

दुसरी इजा गोपनीयतेच्या भंगातून होते. अहवालात नाव वगळले की गोपनीयता पाळली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु हजार-दोन हजार वस्तीच्या गावाचे नाव, मृत व्यक्तीचे वय, जात, जमीनधारणा आणि मृत्यूचा महिना एकत्र छापले, की नाव न छापताही ओळख पटते. मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात आली होती, हा त्यावरील बचाव अपुरा आहे. मृत्यू सार्वजनिक झाला म्हणून त्या घरातील भांडण, आजार वा व्यसन सार्वजनिक होत नाही. फोटोला हार घातलेल्या भिंतीपुढे विधवेला उभे करून घेतलेल्या छायाचित्राने संशोधनाच्या पुराव्यात कोणतीही भर पडत नाही; भर पडते ती केवळ प्रबंधाच्या पृष्ठसंख्येत.

तिसरी इजा कायदेशीर स्वरूपाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ नुसार, आणि त्यापूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ नुसार, गंभीर गुन्हा आहे. सावकाराचा तगादा, भावकीतील वाद वा पतिपत्नीतील कलह यांविषयी संशोधकाला सांगितलेली हकिकत तपासयंत्रणेच्या दृष्टीने पुरावा ठरू शकते. वकील व पक्षकार यांच्यातील संभाषणाला जे कायदेशीर संरक्षण आहे, ते संशोधक व सहभागी यांच्यातील संभाषणाला नाही. त्यामुळे 'आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहील' हे संमतीपत्रातील आश्वासन संशोधक आपल्या अधिकाराबाहेर जाऊन देत असतो. वैयक्तिक विदा संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातही संशोधनाच्या कामास सशर्त सूट देण्यात आली आहे. म्हणजे या बाबतीत कायद्यावर भार टाकून संशोधकाला मोकळे होता येत नाही.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे एक विसंगती ठळक होते. संशोधनाला सत्य उत्तर हवे असते आणि त्या सत्य उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्यालाच मोजावी लागण्याचा धोका असतो. पती दारू पीत होता, हे सांगणारी स्त्री शास्त्राला उपयुक्त माहिती देते. तिचे प्रकरण प्रलंबित असेल तर तीच माहिती तिच्या विरोधात जाऊ शकते. ती सत्य लपवते, तेव्हा तिला 'अविश्वसनीय उत्तरदाता' ठरवणे अन्यायाचे आहे. जिल्हा समितीचा निर्णय होईपर्यंत अशा कुटुंबाची मुलाखत न घेणे, हा साधा नियमही या विसंगतीची धार बऱ्याच प्रमाणात कमी करू शकेल. त्याने माहितीची विश्वसनीयताही वाढेल. येथे नीती आणि पद्धती परस्परांच्या विरोधात नसून एकमेकींना पूरक आहेत.

तुलनेसाठी निवडलेल्यांचा प्रश्न

संमती घेऊनही देणे शिल्लक राहते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रातीलच वैद्यकीय संशोधनात आढळते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. ५२ ग्रामसमूहांची चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या, नियंत्रित गटातील स्त्रियांना प्रचलित सेवा आणि तपासणी कोठे करता येईल याची माहिती देण्यात आली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाणूतपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४, तर नियंत्रित गटात ६४ स्त्रियांचा मृत्यू झाल्याचे दिसून आले.

या अभ्यासाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, तपासणीची सार्वत्रिक सोय त्या काळी नव्हतीच. त्यामुळे नियंत्रित गटाकडून काही हिरावून घेतले गेले नाही. टीकाकारांचा आक्षेप असा की, तपासणीने जीव वाचतात हे अन्यत्र सिद्ध झालेले असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून केवळ निरीक्षण करणे न्यायाच्या तत्त्वात बसत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र 'प्रचलित सेवा' हा शब्दप्रयोग जेथे प्रत्यक्षात 'सेवेचा अभाव' असा वाचावा लागतो, तेथे त्या अभावाचा संशोधनाच्या रचनेत आधार म्हणून उपयोग करणाऱ्यावर अधिकचे दायित्व येते, हे नाकारता येणार नाही. संमतीच्या सहीने हे दायित्व फिटत नाही.

अमरावती जिल्ह्यातील एक अभ्यास या संदर्भात वेगळा मार्ग दाखवतो. 'विश्राम' या प्रकल्पांतर्गत जिल्ह्यातील ३० गावांत नैराश्यग्रस्तांसाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांमार्फत मानसिक आरोग्यसेवा पुरवण्यात आली आणि सेवेपूर्वीची व नंतरची स्थिती यांची तुलना करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी सेवेपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. येथे कोणत्याही गावाला केवळ तुलनेसाठी सेवेविना ठेवले गेले नाही. याची पद्धतिशास्त्रीय किंमत आहे. नियंत्रित गट नसल्याने हा संपूर्ण बदल प्रकल्पामुळेच झाला असे निःसंशय म्हणता येत नाही. परंतु निश्चिततेचा थोडा भाग सोडून सहभागी गावांना प्रत्यक्ष लाभ देणे, हाही संशोधकाने घेतलेला नैतिक निर्णयच असतो.

सामाजिक संशोधनात नियंत्रित गट तुलनेने निरुपद्रवी दिसतो. परंतु तेथेही सूक्ष्म प्रश्न आहेत. त्याच गावातील, तेवढीच जमीन आणि तेवढेच कर्ज असलेल्या शेतकऱ्याला 'तुलनेसाठी' निवडले आहे, हे त्याला कसे सांगावे? तुमच्यासारख्याच परिस्थितीतील शेजाऱ्याने जीव दिला आणि तुम्ही दिला नाही, असा ध्वनी निघू न देता हेतू सांगण्यासाठी संशोधकाच्या अंगी विशेष संवेदनशीलता हवी. संमतीपत्राच्या छापील मजकुरात ती उतरत नाही.

परत जाण्याचे कर्तव्य

आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरील संशोधनातून शोधप्रबंध, निबंध, पदव्या आणि पदोन्नतीचे गुण निर्माण झाले. ज्यांच्या दुःखावर हे उभे राहिले त्यांच्याकडे किती अभ्यासक परत गेले, हा प्रश्न वऱ्हाडातील विद्यापीठीय वर्तुळाने स्वतःला विचारला पाहिजे. निष्कर्ष इंग्रजीत वा प्रमाण मराठीत ग्रंथालयात राहतात. ज्या गावाने माहिती दिली त्या गावाला ते कळत नाहीत.

परत जाणे अशक्य नाही, हे महिला किसान अधिकार मंचाच्या कार्याने दाखवून दिले आहे. मंचाने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ स्त्रियांचे सर्वेक्षण केले. जमीन व घर नावावर होणे, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण हे प्रश्न त्यातून पुढे आले. निष्कर्षांच्या मांडणीत या स्त्रियांना सामील करून घेण्यात आले आणि पाठपुराव्यानंतर जून २०१९ मध्ये अशा स्त्रियांच्या प्रश्नांविषयी शासन निर्णय निघाला. तो किती अमलात आला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या सर्वेक्षणाने मृत पुरुषाच्या कारणांपेक्षा जिवंत स्त्रीच्या अडचणींना केंद्रस्थानी ठेवले. प्रश्न कोणता विचारायचा, हा निर्णयदेखील नैतिक असतो. 'तो का गेला?' या प्रश्नाचा उपयोग मुख्यतः शास्त्राला आणि शासनाला होतो. 'तुमचे काय अडले आहे?' या प्रश्नाचा उपयोग उत्तर देणाऱ्या स्त्रीलाही होऊ शकतो.

महाविद्यालयीन संशोधनाची स्थिती

या चर्चेचा महाविद्यालयीन प्राध्यापकांशी थेट संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम लागू केले आणि २०१९ च्या अखेरीस पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीती हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. ३० तासांच्या या अभ्यासक्रमाचे सहा घटक आहेत : तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र, वैज्ञानिक आचरण, प्रकाशन नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरवर्तन आणि विदासंच व संशोधनमापन. यांपैकी कोणत्याही घटकाचे शीर्षक संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसाविषयी नाही. दुसऱ्या संशोधकाची वाक्ये उचलणे हा गुन्हा ठरला, हे योग्यच झाले. परंतु शेतकऱ्याच्या विधवेची हकिकत तिच्या खऱ्या आकलनाशिवाय उचलणे हा दोष आजही कोणत्याही संगणकप्रणालीला पकडता येत नाही.

वैद्यकीय संशोधनासाठी नैतिक समित्यांची रचना आहे. कला, वाणिज्य व समाजकार्य महाविद्यालयांत मात्र मुलाखतीवर आधारित संशोधनाची पूर्वतपासणी करणारी यंत्रणा सहसा नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प व समाजसंलग्नता यांचा समावेश झाल्याने यापुढे अधिक संख्येने आणि अधिक लहान वयाचे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन गावांत जाणार आहेत. म्हणून ही उणीव अधिक गंभीर ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो. समित्या आल्या म्हणजे कागदपत्रे वाढतील, गैरसोयीचे संशोधन नीतीच्या नावाखाली अडवले जाईल आणि अंतिमतः शेतकऱ्यांचा प्रश्नच दबला जाईल. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. २००५-०६ मधील अभ्यास झाले नसते, तर प्रशासनाच्या मौनाला आव्हान मिळणे कठीण गेले असते. परंतु यावरील उपाय समितीच्या अभावात नसून तिच्या रचनेत आहे. दोन प्राध्यापक, महाविद्यालयाबाहेरील एक समाजकार्यकर्ता, एक वकील आणि परिसरातील एक शेतकरी स्त्री, एवढ्या छोट्या समितीने प्रत्येक प्रकल्पाला पुढील प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल : या कुटुंबाला यापूर्वी किती जणांनी हेच प्रश्न विचारले आहेत? उपलब्ध अहवालांतून ही माहिती मिळत नाही काय? मदतीचा निर्णय प्रलंबित आहे काय? संशोधन काय देऊ शकणार नाही, हे बोलीत कसे सांगितले जाईल? मुलाखत मध्येच थांबवण्याचा अधिकार कसा कळवला जाईल? गावाची ओळख कशी झाकली जाईल? आणि निष्कर्ष घेऊन परत कोण व केव्हा जाईल? तपासणी विषयाची नव्हे, तर वर्तनाची व्हावी, हे पथ्य पाळल्यास संशोधनस्वातंत्र्यास बाधा येण्याचे कारण नाही.

समारोप

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांवरील संशोधन थांबवावे, असा या विवेचनाचा आशय नाही. न विचारणे हीदेखील एक प्रकारची उपेक्षाच ठरेल. परंतु विचारण्याचा अधिकार पदवीने वा प्रकल्पमंजुरीने आपोआप प्राप्त होत नाही. तो सहभागी व्यक्तीकडून मिळवावा लागतो आणि नंतर पाळावा लागतो. संमतीपत्रावरील सही ही त्या नात्याची सुरुवात आहे. संशोधन काय देऊ शकत नाही हे आधी सांगणे, सत्य उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्यावर पडू न देणे आणि निष्कर्ष घेऊन त्याच ओसरीवर परत जाणे, या तीन गोष्टी झाल्या तरच 'सहभागी' हा शब्द सार्थ होईल. अन्यथा मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात शब्द बदलला असला, तरी वऱ्हाडातील त्या ओसरीवर बसलेली स्त्री अभ्यासाचा 'विषय'च राहील.